पाणी अडवा, त्वचेतलंही



बाही जरा वर सरकवा आणि हातावर नखाने हलकी रेघ ओढा. उमटली पांढरी? शाळेत अशी रेघ ओढून आपण एकमेकांना चिडवायचो, ‘आज आंघोळ केली नाहीस!’ गंमत अशी की थंडीत दोष बहुधा आंघोळ चुकवल्याचा नसतो, कडकडीत पाण्याने केल्याचा असतो.

‘त्वचा कोरडी पडली’ या एका वाक्यात आपण दोन तक्रारी कोंबतो. काहींच्या त्वचेत मुळातच तेल कमी असतं; तो तिचा स्वभाव. पाणी हरवणं ही मात्र अवस्था, आणि ती कोणावरही येते. कॉलेजातला मुलगा घ्या. कपाळ तेलकट, मुरमं आलेली, तरी तोंड धुतलं की गाल ताणल्यासारखे होतात. त्याच्याकडे तेल आहे, पाणी नाही. तो चारदा फेसवॉश लावतो आणि उरलंसुरलं पाणीही घालवून बसतो.

हे पाणी जातं कुठून? त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाहून पातळ. त्याची रचना दगडी बांधासारखी: मृत पेशींचे पंधरा-वीस पदर हे दगड आणि सांध्यांतला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं. या थरातलं पाणी १० टक्क्यांच्या खाली गेलं की लवचिकपणा संपतो, अंग उलतं. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. १० अंशांना जेमतेम साडेनऊ. अशी कोरडी हवा त्वचेतलं पाणी ओढते. वर कढत पाणी आणि साबण सांध्यांतला चुनाच धुऊन नेतात. त्वचा किंचित आम्ल, तिचा सामू साधारण ५. साबणाचा ९ ते १०.

‘डॉक्टर, दिवसाला चार लिटर पाणी पितो, तरी ओठ फुटतात!’ तहानेपुरतं प्यावंच. पण धरण भरलं म्हणून फुटक्या बांधाचं वावर ओलं राहत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपल्याला पाठ आहे. त्वचेसाठी फक्त क्रम उलटा करा. आधी जिरवा, मग अडवा.

आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत. साबण काख, जांघा, पावलांपुरता. अंग खसखसून पुसू नका, टिपा. आणि ते ओलसर असतानाच क्रीम किंवा खोबरेल लावा. अभ्यंगात आपण तेल आधी लावतो आणि उटण्याने काढून टाकतो. सणाला ते शोभतं. रोजच्या थंडीत तेल आंघोळीनंतरच. ग्लिसरीन पाणी खेचतं, पण कोरड्या हवेत नुसतंच फासलं तर आतलंच खेचतं. म्हणून ते ओल्या त्वचेवर लावून वर बांध घाला. १८७२ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली पेट्रोलियम जेली हेच करते: पाणी देत नाही, अडवते. कोकणातल्या आज्या टाचांच्या भेगांत कोकमतेल वितळवून भरतात, त्यामागचं शास्त्रही तेच.

मात्र भेगांतून रक्त येत असेल, खाजेने झोप मोडत असेल किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका.

वरचा थर साधारण दोन आठवड्यांत नवा होतो. तेव्हा आज ओढलेली रेघ लक्षात ठेवा आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा ओढून बघा. बांध धरला की नाही, ते तुमचं नखच सांगेल.