खरे सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये



प्राथमिक शिक्षकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी बोलत आहे. शिकवावे कसे, यावर आपण पुष्कळ बोलतो. आज मी त्याआधीच्या प्रश्नावर बोलणार आहे. कोणते मूल कोणत्या शाळेत बसणार, हे कोण ठरवते आणि कोणत्या नियमाने? अमेरिकेतील शहरे या प्रश्नाशी अनेक दशके झुंजत आहेत.

तिथल्या सरकारी शाळा स्थानिक शाळा-जिल्ह्यांच्या ताब्यात असतात. बहुतेक ठिकाणी घराचा पत्ता ज्या हद्दीत, तिथल्या शाळेत पाच वर्षांच्या मुलाला किंडरगार्टनची जागा मिळते. दिसायला नियम निर्मळ आहे. पण चांगल्या शाळेच्या हद्दीत घरे महागतात, आणि माफ असलेली फी घराच्या किमतीतून वसूल होते. गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या वस्त्या वेगळ्या असल्या की शाळाही तशाच विभागतात. टोपेका शहरात तर लिंडा ब्राउन या मुलीला जवळची शाळा गोऱ्यांसाठी राखलेली म्हणून दूरच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांच्या नावाने गाजलेल्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली ही वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली.

बॉस्टनमध्ये १९७४ साली अशी विभागणी मोडण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने मुलांना बसने दुसऱ्या वस्त्यांतील शाळांत पाठवणे सुरू झाले, तेव्हा त्या बसवर दगड पडले. पुढे शहराने पालकांकडून शाळांचे पसंतीक्रम मागवायला सुरुवात केली. भावंड आधीच शाळेत असणे, घर चालत जाण्याच्या अंतरावर असणे आणि शेवटी सोडतीचा क्रमांक, असे प्राधान्य ठरले. त्यात एक खोच होती. प्रत्येक शाळा आधी तिला पहिली पसंती देणाऱ्यांनी भरायची. पहिल्या पसंतीची शाळा हुकली की दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरून गेलेली असे. जाणकार पालक बैठका घेऊन हिशेब मांडत आणि फार गर्दीची शाळा पहिल्या क्रमांकावर लिहीतच नसत. ज्यांना हे सांगणारे कोणी नव्हते, त्यांनी मनातली शाळा प्रामाणिकपणे लिहिली आणि त्यांची मुले मागे राहिली.

अर्थशास्त्रज्ञांनी ही गोष्ट दाखवून दिली आणि २००५ साली बॉस्टनने पद्धत बदलली. नव्या पद्धतीत शेवटच्या फेरीपर्यंत कोणतीही जागा पक्की होत नाही. पहिल्या शाळेत नाकारलेले मूल दुसऱ्या शाळेच्या रांगेत आपल्या पूर्ण प्राधान्यासह उभे राहते, त्यामुळे मनातला खरा क्रम लिहिण्यात धोका उरत नाही. या पद्धतीचे गणित गणितज्ञ गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ साली मांडले होते. शॅप्ली आणि बॉस्टनच्या सुधारणेत सहभागी असलेले अल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही एक दोष लपून राहिला. प्रत्येक शाळेतील निम्म्या जागांवर जवळच्या मुलांना प्राधान्य होते. या जागा आधी भरल्या जात, म्हणून सोडतीत चांगला क्रमांक लागलेली जवळची मुले त्यांतच सामावत आणि वाईट क्रमांकाची जवळची मुले खुल्या जागांसाठी उरत. परिणामी ते प्राधान्य जवळजवळ निष्प्रभ ठरे. वर्षानुवर्षे ज्यावर वाद घातला, त्या नियमाचा प्रत्यक्ष उपयोग नगण्य होता! अभ्यासकांनी हे उघड केल्यावर २०१३ साली शहराने तो नियम सोडला.

मित्रहो, आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, आणि त्या आपण ऑनलाइन सोडतीने भरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र राज्याने नियम बदलले आणि ज्यांच्यापासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, अशा खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. हक्क वाचला, याचा मला आनंद आहे. पण रोजंदारीवरच्या आईला अर्ज भरता येईल, नकाशावर घर नेमके दाखवता येईल आणि भाडेकरार वेळेत मिळेल, तेव्हाच तो हक्क तिच्या हाती पडतो. सोडत नवी जागा निर्माण करत नाही, म्हणून सरकारी शाळा सुधारण्याचे काम आपल्यावर आहेच. मात्र ज्या जागा आहेत, त्या वाटताना हुशारीला बक्षीस आणि भोळेपणाला शिक्षा मिळता कामा नये.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. सोडत नेमकी कोणत्या क्रमाने चालते, ते अर्ज सुरू होण्यापूर्वी सोप्या मराठीत प्रसिद्ध व्हावे. जागा न मिळालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना त्याचे कारण लेखी मिळावे. आणि आपण शिक्षकांनी अर्जाच्या दिवसांत आपापल्या शाळेत मदतीचे टेबल मांडावे, मग ते मूल पुढे दुसऱ्या शाळेत जाणार असले तरी. ते मूल आपलेच आहे. या तीन मागण्यांचा ठराव संमेलनाने एकमताने करावा, अशी मी आपणा सर्वांना कळकळीची विनंती करतो.