पहिला डाव खेळूच नका



एकेकाळी गिरणगावात मटक्याने कामगारांचा पगार खाल्ला. त्या अड्ड्यावर जाताना निदान शेजारीपाजारी पाहत. आज अड्डा खिशातल्या मोबाईलवर आला आहे. रनिंग रूममध्ये, टपालाच्या थैल्यांची वाट पाहताना, रमीचा डाव उघडतो. आरंभी शंभर-दोनशे मिळतात, तेच आमिष! पुढे गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी माणूस पतपेढीचे कर्ज काढतो. अशा कर्जांना जामीन राहून आमच्यापैकी काहींनी हप्ते भरले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजार मानले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला व जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून अडकलेल्या साथीने लपू नये. घरी सांगावे, शाखेत यावे. त्याची टिंगल आम्ही होऊ देणार नाही.

नव्या भरतीच्या तरुणांनो, बोनस आणि वेतनासाठी रेल्वे कामगारांनी मे १९७४ मध्ये वीस दिवसांचा संप झेलला. लढून मिळवलेला पैसा असा उधळू नका. चोरवाटेने कोणी बोलावले, तरी पहिला डाव खेळूच नका. शेजारच्यालाही खेळू देऊ नका.