सर्व्हर चालू होता, दार बदललं होतं

आजचा भाग छोटा आहे, पण या प्रकरणाने माझी एक अख्खी रात्र खाल्ली.

एका पतसंस्थेचा पोस्टग्रेस ११ वरून १५ वर न्यायचा होता. जुना डेबियनच्या पॅकेजमधला, नवा आम्ही सोर्समधून बिल्ड केलेला. वेळ वाचावा म्हणून पीजी_अपग्रेड लिंक मोडमध्ये चालवला. एकही एरर नाही. नवा सर्व्हर सुरू केला, अ‍ॅप लावलं, आणि लॉगमध्ये आलं: सॉकेटची फाईलच सापडत नाही. पहाटेचे साडेतीन. नऊला काउंटर उघडणार.

सोबतचा मित्र म्हणाला, "अरे सोड, जुनाच चालू करू." लिंक मोडमध्ये जुन्या क्लस्टरच्या पीजी_कंट्रोल फाईलला 'ओल्ड' शेपूट लावलेलं असतं. ते काढलं की जुना सुरू होतो. मी कमांड टाईपही केली होती. एंटर तेवढं मारलं नाही.

कारण आठवलं. लिंक मोडमध्ये दोन्ही क्लस्टरच्या डेटा फाईली डिस्कवर एकच असतात. नवा एकदा सुरू झाला की जुन्याला हात लावायचा नाही, नाहीतर डेटा खराब. मग परतीची वाट फक्त बॅकअपची.

म्हणून आधी पीएसक्यूएल लोकलहोस्टवरून लावून पाहिलं. लागलं! खाती, ठेवी, सगळं जागेवर. मग विचारलं, 'शो युनिक्स_सॉकेट_डिरेक्टरीज'. उत्तर आलं, स्लॅश टीएमपी.

गंमत कळली ना? लोकल कनेक्शन एका सॉकेट फाईलमधून होतं. सोर्समधून बिल्ड केलेला पोस्टग्रेस ती टीएमपीमध्ये ठेवतो. डेबियनचा ठेवतो व्हार-रनखालच्या पोस्टग्रेसक्यूएल डिरेक्टरीत, आणि अ‍ॅपची लायब्ररी डेबियनची, म्हणून ती तिथेच शोधत होती. पीजी_अपग्रेड डेटा आणतो, जुनी कॉन्फिग फाईल आणत नाही. सेटिंगमध्ये स्वल्पविराम देऊन दोन्ही डिरेक्टरी लिहिल्या, रीस्टार्ट केलं, अ‍ॅप जोडलं गेलं.

आणखी एक. पीजी_अपग्रेड चालू असताना सॉकेट मुद्दाम वेगळीकडे, म्हणजे तुम्ही जिथून कमांड चालवता त्या डिरेक्टरीत असतो आणि पोर्ट ५०४३२. अ‍ॅप मध्येच घुसू नये म्हणून. तेव्हा जोडता आलं नाही तर घाबरू नका. फक्त फार लांब पाथवरून चालवू नका. लिनक्सवर सॉकेटच्या पाथला साधारण १०७ बाइटची मर्यादा आहे.

तर अपग्रेडआधी जुन्या सर्व्हरची सॉकेट डिरेक्टरी, पोर्ट आणि पीजी_एचबीएमधल्या 'लोकल' ओळी कागदावर उतरवून ठेवा. आणि 'सापडत नाही' असं दिसलं, तर आधी दार कुठंय ते बघा. भेटू पुढच्या भागात.