कानानं पाहिलेले सिनेमे

मी सिनेमाचा जाणकार नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा सिनेमा पाहणारा नवी मुंबईतला साधा प्रेक्षक आहे. कॅमेरा कुठे ठेवला होता, प्रकाश कुठून आला, हे मला कळत नाही. पण कविता लिहितो, त्यामुळे कान जागे असतात. पडद्यावरचा माणूस कुठली मराठी बोलतो ते मला आधी ऐकू येतं, बाकीचं मागाहून दिसतं. नेरूळला राहणाऱ्याचे कान असे होणारच. इथे लोकलच्या एका डब्यात बाजार समितीतल्या माथाडींची साताऱ्याकडची बोली, सारसोळे-करावे गावातली आगरी बोली आणि आमची कोकणची, अशा तीन मराठी एका वेळी ऐकू येतात.

1 मे 2025 रोजी, महाराष्ट्रदिनी, दोन मराठी सिनेमे एकदमच आले. 'गुलकंद' पाहून हसलो. घरी पोचेपर्यंत बरंचसं विसरलो. त्यात तक्रार नाही, हसायलाच गेलो होतो. 'आता थांबायचा नाय' मात्र घरी आला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात, अशी ती खऱ्या घटनेवर बेतलेली गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांना आपण इतकी वर्षं हशा वसूल करताना पाहिलंय, की ते गप्प बसले तरी आपण हसायच्या तयारीत असतो. इथे त्यांनी तसं होऊ दिलं नाही. दमलेला माणूस पुस्तकातलं वाक्य वाचताना कुठे अडखळतो, हे त्यांना ठाऊक आहे. शेवटाकडे सिनेमा जरा गोडाला येतो, पण तेवढं चालतं.

सप्टेंबर 2025 मध्ये 'दशावतार' आला. दिलीप प्रभावळकर तेव्हा 81 वर्षांचे होते. नजर अधू झालेला म्हातारा दशावतारी कलावंत त्यांनी उभा केला. पूर्वार्धातल्या बाप-लेकाच्या मालवणी बोलण्यासाठी मी तिकिटाचे पैसे पुन्हा देईन. उत्तरार्धात खाणवाल्यांचा सूड सुरू झाला आणि पार्श्वसंगीत इतकं चढलं, की बोलणं ऐकूच येईना. माझ्यासारख्या प्रेक्षकाची तिथे पंचाईत होते.

त्याआधी, फेब्रुवारी 2025 मध्ये, 'छावा' आला होता. मी पाहिला का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं, काहींनी जरा जपूनच. पाहिला. पडद्यावर औरंगजेब आला की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपल्याकडे बघतोय का, हे तपासायची मला सवय नाही. ती लागावी अशी इच्छाही नाही. माझी हरकत वेगळीच आहे. शिवाजी सावंतांची ही कादंबरी मराठी, राजे मराठी. आणि पडद्यावर ते येसूबाईंशी घरात हिंदीत बोलतात. कवी कलश उत्तरेचे, त्यांच्या तोंडी हिंदी शोभते. साखळदंडात जखडलेले ते दोघे एकमेकांना कवितेनं उत्तर देतात, त्या प्रसंगात माझा गळा दाटून आला. 'बुधभूषण' संस्कृतात लिहिणाऱ्या राजाला कवी म्हणून कुणीतरी पडद्यावर आणलं, याचं बरं वाटलं.

आता मनातलं सांगतो. माझं मूळ गाव रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याकडे. माझी आई नमाज पढायची मराठीचा एक शब्दही न सोडता. म्हणजे दुआ अरबीत, पण चटई कुठे ठेवली, कोंबडी कुणी सोडली, भात उतू गेला का, हे सगळं नमाजाच्या आधी आणि नंतर आमच्या कोकणी मराठीतच. तिला हिंदी धड येत नसे. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांची आजही तीच भाषा आहे. आणि मराठी सिनेमातला मुसलमान? ऐतिहासिक सिनेमात तो जड उर्दू बोलतो, विनोदी सिनेमात मोडकी मराठी. 'हम आया, तुम गया' ऐकून थिएटर हसतं. बोलणारा हिरवी लुंगी नेसून गॅरेजमध्ये उभा असतो. आमच्यात गॅरेजवाले आहेत, लुंगीवालेही आहेत. अशी मराठी बोलणारा मात्र माझ्या गावात मला कुणी भेटलेला नाही.

जुन्या काळी असं नव्हतं का? प्रभातचा 'शेजारी' 1941 चा. त्यात गजानन जागीरदारांनी मिर्झा केला होता, तो गावातला, शेजारच्या घरातला माणूस होता. आणि अलीकडचं म्हणाल तर नागराज मंजुळेंचा 2016 चा 'सैराट'. सगळ्यांनी परश्या-आर्ची पाहिले, मी सल्याला ऐकत बसलो. तो सलीम आहे हे मुद्दाम सांगावं लागत नाही. परश्या बोलतो तीच करमाळ्याकडची मराठी तोही बोलतो. माझ्या बायकोनं थिएटरातच कानात विचारलं, "हा आपल्यातला का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "कळलंच नाही की!" तिला किती आनंद झाला होता, ते अंधारातही कळलं.

सिनेमा लिहिणारे कुणी हे भाषण ऐकत असतील तर त्यांना माझं आमंत्रण आहे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठल्याही मोहल्ल्यात एक दुपार ओटीवर येऊन बसा. बायका सांदणं उकडताना एकमेकींशी कशा भांडतात, तेवढंच ऐका. चहा आम्ही देऊ. वही आणायला विसरू नका, कारण त्या एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत.