आधी किंमत, मग खर्च
(लघुउद्योजकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मोठ्या कंपनीने एखाद्या सुट्या भागाचा दर मागविला, की आपण कच्चा माल, मजुरी, वीज आणि वरखर्च यांची बेरीज करतो, तीत नफा मिळवितो आणि कोटेशन पाठवितो. समोरचा खरेदी अधिकारी मात्र पुष्कळदा आपला आकडा आधीच ठरवून बसलेला असतो. तो आकडा कोठून येतो?

जपानमध्ये या पद्धतीला ‘गेंका किकाकू’ म्हणतात. टोयोटाने ती १९६० च्या दशकात रुजविली. ग्राहक किती मोजेल हे प्रथम ठरते, त्यातून अपेक्षित नफा वजा होतो आणि उरेल तेवढ्यात गाडी बसवावी लागते. ही वजाबाकी आराखडा कागदावर असतानाच होते; कारण साचे तयार झाल्यावर खर्चाचा मोठा भाग ठरूनच गेलेला असतो. अभियंते, खरेदी विभाग आणि पुरवठादार एकत्र बसून ‘हा भाग हवाच कशाला?’ असे विचारतात. गंमत अशी, की हा प्रश्न विचारण्याचे शास्त्र मूळचे अमेरिकन! जनरल इलेक्ट्रिकमधील लॉरेन्स माइल्स यांनी ते १९४० च्या दशकात मांडले. जपानने ते नुसते उचलले नाही, पचविले.

जर्मनीने दुसरी वाट धरली. प्लाउट या अभियंत्याने आणि प्रा. किल्गर यांनी स्थिर खर्च व उत्पादनाबरोबर बदलणारा खर्च यांची काटेकोर फारकत केली. प्रत्येक विभागाचा हिशेब स्वतंत्र; ताळेबंदाची वही निराळी.

‘व्यूहात्मक व्यवस्थापन लेखांकन’ हा शब्द मात्र इंग्लंडमधला. केनेथ सिमंड्स यांनी १९८१ मध्ये सांगितले, की स्वतःच्या खर्चाइतकाच प्रतिस्पर्ध्याचा खर्चही अभ्यासा. पुढे ब्रिटन, अमेरिका व न्यूझीलंड येथील कंपन्यांची तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. तिघांकडेही प्रतिस्पर्ध्याचा हिशेब मांडण्याचा प्रघात आढळला. शब्द मात्र फारसा कोणाच्या वापरात नव्हता!

आपल्याकडे परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ पासून आहे, १९५९ पासून तिला कायद्याचा आधार आहे. १९६५ च्या दुरुस्तीने ठरावीक उद्योगांना परिव्यय नोंदी ठेवणे आणि त्यांची तपासणी करून घेणे बंधनकारक होऊ लागले. हेतू चांगला होता. पण त्यामुळे हा हिशेब सरकारला सादर करण्याचा कागद झाला. मालकाने निर्णयासाठी तो उघडावा, ही सवय लागली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपवाद आहेत. ‘एक लाखाची गाडी’ हा आकडा आधी ठरवून टाटा मोटर्सने नॅनो घडविली. पुण्यातील अभियंत्यांनी आणि पुरवठादारांनी एकेका भागावर डोके चालविले आणि २००९ मध्ये गाडी बाजारात आली. खर्चाची वजाबाकी जमली होती. ग्राहकाच्या मनाची नाही. ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून मिरविलेली गाडी दारात उभी करणे मध्यमवर्गाला रुचले नाही आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबले. गेंका किकाकूची पहिली पायरी ग्राहक काय मागतो ही आहे, किती मोजेल ही दुसरी.