आधी कागद, मग कोड: 'स्वरचक्र'कडून काय शिकायचं?

आजचा विषय: ॲपची स्क्रीन एकदाच बनवून का भागत नाही?

उदाहरण जवळचंच घेऊ. ऐरोलीचा पूल ओलांडला की पवई काही फार लांब नाही. तिथल्या आयआयटी मुंबईत आयडीसी नावाचा डिझाइनचा विभाग आहे. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या टीमने तिथं 'स्वरचक्र' हा कीबोर्ड बनवला. 2013 मध्ये तो अँड्रॉइडवर मोफत आला.

अडचण काय होती? 1986 पासून आपल्याकडे इन्स्क्रिप्ट हा प्रमाणित कीबोर्ड आहे. त्यात क आणि ख एकाच बटणावर, ख साठी शिफ्ट दाबायचं. टायपिंग शिकलेल्याला हे छान जमतं. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवरच टाइप केलं, त्याचा वेळ अक्षर शोधण्यातच जातो. मग तो कंटाळून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, नाहीतर व्हॉइस नोट पाठवतो. म्हणजे स्क्रीन अवघड झाली की माणूस थेट लिपीच सोडतो!

स्वरचक्रात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने आहेत. क वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु... आपली बाराखडीच. हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. जोडाक्षरासाठी चक्रातच हलन्त आहे.

ही कल्पना एका रात्रीत सुचलेली नाही. याच विभागातून 2004 मध्ये 'कीलेख'वर शोधनिबंध आला होता. तो मोबाइलवरचा नव्हे, खऱ्या बटणांचा कीबोर्ड. पण मांडणी वर्णमालेचीच.

आता आपण काय करायचं? प्रत्येक नमुन्याला एकच प्रश्न विचारायचा. समजा, असं चक्र तुम्हाला बनवायचंय. पहिला प्रश्न: लोकांना ते समजतं का? त्याला कोड कशाला? कीबोर्ड कागदावर काढा, चक्र कापून घ्या, समोरच्याने बोट ठेवलं की तिथं ठेवा. कडेच्या अक्षराचं चक्र अर्धं स्क्रीनबाहेर जातंय, हे कागदावरच दिसेल. दुसरा प्रश्न: बोट सरकवताना शेजारची मात्रा लागते का? हे कागद सांगणार नाही. त्यासाठी खऱ्या फोनवर चालणारा, बाकी काहीच न करणारा नमुना हवा.

आणि माणसं किती? जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिलेला सल्ला आजही कामाचा आहे. 15 जणांना एकदम दाखवू नका. 5 जणांना दाखवा, सुधारा, मग नव्या 5 जणांना दाखवा, आणि पुन्हा एकदा. कारण पहिल्या पाचांतच मोठ्या अडचणी वर येतात. त्या दूर केल्याशिवाय त्यांच्या मागे दडलेल्या अडचणी दिसत नाहीत.

दाखवताना एक पथ्य पाळा: समजावून सांगायचं नाही. 'हे दाब ना' म्हणालात की चाचणी संपली. काम द्या, गप्प बसा, बोट कुठं थबकतं ते लिहून ठेवा.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या ॲपची एक स्क्रीन कागदावर काढा आणि सोसायटीच्या वॉचमन काकांना, आत्याला, कुणालाही दाखवा. पहिलं बोट कुठं गेलं, ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!