छापलेली पत्रके आणि तपासलेली पत्रके
(वरकुटे येथे संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या माहिती-पत्रकांच्या कामाचा आढावा घेण्याची जबाबदारी यंदा आमच्या प्रकाशन समितीकडे आली आहे. मागील अहवालात आम्ही किती पत्रके छापली व वाटली, हा आकडा ठळक अक्षरांत दिला होता. त्या आकड्याबद्दल आपण टाळ्याही वाजविल्या होत्या. तो आकडा खरा होता. मात्र त्यातून जे समजावयास हवे होते, ते समजत नव्हते. हे आम्हांस ज्या प्रसंगाने कळले, तो आधी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

ऊसतोडणीच्या हंगामात बीडकडील एक कामगार घोणस चावल्याने आपल्याकडे आला. पोटरीवर दोरी करकचून बांधलेली होती आणि पाऊल काळेनिळे पडले होते. दोरी कोणी बांधावयास सांगितली, असे विचारता त्याच्या भावाने खिशातून घडी केलेला कागद काढला. तो आपल्याच रुग्णालयाचा होता. चावलेल्या जागेच्या वर घट्ट बांधावे, असे त्यात छापलेले होते. प्रतिविषाने जीव वाचला. पायाची दोन बोटे मात्र गेली. त्यात विषाचा वाटा किती आणि दोरीचा किती, हे आमचे डॉक्टर सांगू शकले नाहीत. आम्हीही त्या अनिश्चिततेचा आधार घेणार नाही.

घट्ट बांधू नये, चिरा देऊ नये, अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि रुग्णाला न चालविता तत्काळ रुग्णालयात आणावे, हे आता वैद्यकात सर्वमान्य आहे. आमच्या परिचारिकांनी तसा सुधारित मजकूर लिहूनही दिला होता. तो तपासणीसाठी पाठविला गेला आणि पाच महिने एका टेबलावर पडून राहिला. त्याच पाच महिन्यांत जुन्या मजकुराची नवी आवृत्ती छापून वाटली गेली, आणि ती आमच्या अभिमानाच्या आकड्यात मोजली गेली.

ज्ञान गोळा करून लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम मोजावयाचे कसे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ मध्ये ज्ञानकोशाचे कार्य हाती घेतले, ते भागभांडवल उभारून, मर्यादित कंपनी स्थापून. पैसा लोकांचा असल्याने हिशेबही लोकांना देणे आले. तेवीस खंडांच्या त्या उद्योगाची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने ग्रंथरूपाने मांडली. किती खंड निघाले एवढे सांगून त्यांना थांबता आले असते. मंडळ कसे चालले, हेही वाचकांपुढे ठेवावे असे त्यांना वाटले.

मराठी विश्वकोशाचे उदाहरण आम्हांस अधिक बोलके वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, आणि विश्वकोशाचा पहिला खंड वाईहून १९७६ मध्ये आला. केवळ खंड मोजणाऱ्याने या सोळा वर्षांपुढे शून्य लिहिले असते. वस्तुतः त्या काळात नोंदींच्या याद्या होत होत्या, लेखक शोधले जात होते, शास्त्रीय संज्ञांना मराठी शब्द ठरत होते; परिभाषासंग्रह १९७३ मध्ये प्रसिद्धही झाला. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, या शिस्तीला वेळ लागतोच. त्या वेळेस आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

याची दुसरी बाजूही आहे. विसावा खंड पूर्ण होण्यास २०१५ साल उजाडले. एड्स हा रोग वैद्यकाच्या नोंदीत प्रथम आला १९८१ मध्ये. स्वरांचे खंड त्याआधीच छापून झाले होते. छापील खंडाची ही मर्यादा होती, संपादकांचा दोष नव्हे. आमचे पत्रक तर एका पानाचे. त्याला अशी सबब सांगता येणार नाही.

वैद्यकीय ज्ञान आपल्या गावाकडेही बदलत असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने त्यांचे निरीक्षण छापले. महाडचे ज्ञान लंडनला पोहोचले. ते आमच्या भिंतीवरच्या फलकावर किती दिवसांनी उतरले, याची नोंद आमच्या दप्तरात नाही. अशी नोंद असावयास हवी, हे आम्हांस कधी सुचलेच नव्हते.

आता प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तीन तारखा असतात : लिहिल्याची, तपासल्याची आणि पुन्हा तपासावयाची. मजकूर तपासनिसाकडे किती दिवस राहिला, हे वहीत लिहिले जाते. जिवाशी संबंध असलेली दुरुस्ती शुद्धलेखनाच्या रांगेत उभी राहत नाही. ती त्याच आठवड्यात पाहिली जाते. डॉक्टरांना बाह्यरुग्ण विभाग आटोपून उरलेल्या वेळात हे काम करावे लागे. त्यासाठी गुरुवारची दुपार आता राखून ठेविली आहे.

येथे एक कबुली द्यावयास हवी. दिवस मोजू लागताच वहीतील आकडे झपाट्याने सुधारले आणि आम्ही आनंदलो. मग मुलांच्या तापाच्या औषधाचे एक पत्रक सही होऊन आले, त्यात मिलिग्रॅमच्या जागी मिलिलिटर पडले होते. ते छापण्यापूर्वी एका परिचारिकाबाईंच्या लक्षात आले. सही वेळेवर झाली होती, वाचन झाले नव्हते. तेव्हापासून तपासनिसाने काय बदलले व काय का ठेवले, हेही दोन ओळींत लिहून घेतो. बदलांची संख्या मात्र मुद्दाम मोजत नाही. नाहीतर चांगल्या वाक्यालाही उगाच लेखणी लागेल.

शेवटची तपासणी डॉक्टरांची नसते. वऱ्हांड्यात बसलेल्या एखाद्या नातेवाईकास पत्रक वाचावयास देतो आणि त्यातले काय समजले ते त्यांच्या शब्दांत सांगावयास विनंती करतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवितो. ‘अवयव स्थिर ठेवावा’ हे आम्हांस सुबोध वाटलेले वाक्य एका आजींनी ऐकले आणि विचारले, “म्हंजी पाय हलवायचा न्हाई, असंच ना?” पत्रकात आता तसेच छापले आहे.

नवे पत्रक काढताना जुन्या प्रती परत गोळा करणे हे सर्वांत कठीण काम ठरले आहे. त्या शाळांत, सोसायटीच्या कार्यालयांत, दुकानांत चिकटवलेल्या आहेत. सर्पदंशाच्या सगळ्या जुन्या प्रती परत आल्या, असे आम्ही आज म्हणू शकत नाही.

देणगीदारांस एक निवेदन आहे. यंदा छपाईच्या खात्यातून काही रक्कम आम्ही तपासणीच्या खात्याकडे वळविली आहे. त्यामुळे पत्रकांची एकूण संख्या मागील वर्षापेक्षा कमी दिसेल. ज्यांची फेरतपासणीची तारीख उलटून गेली आहे अशा पत्रकांची यादी चौकशी खिडकीशेजारी लावलेली आहे. कोणाच्या घरी सर्पदंशाचे जुने पत्रक असेल, तर कृपया जाताना तेथे जमा करावे.